शंखातले मासे, लिंबाएवढा गूळ

"आवं, डब्यातला गूळ कुणी खाल्ला? लिंबाएवढा खडा व्हता, आत्ता न्हाई! मी काय इचारालोय, कुणाला ऐकू येतंय का?" स्वयंपाकघरातून आमच्या सौभाग्यवतीचा, म्हणजे सुमनचा, हा स्वर उमटला आणि तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या फ्लॅटची तावदानं थरथरली. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या आसपासच्या गल्ल्यांतल्या कित्येक निरपराध माणसांनी त्या क्षणी आपापले गुळाचे डबे उघडून पाहिले असतील, अशी माझी आजही खात्री आहे. हॉलमध्ये सकाळचं कोवळं, तिरपं ऊन येऊन टेकलं होतं. त्या उन्हात माझी नवीकोरी, दोन फुटी काचेची पेटी उभी होती. पण आदल्या दिवशी जिच्या तळाची वाळू कणाकणानं मोजता आली असती, तिच्यात आज पाणी नव्हतंच जणू! होतं ते धुकं. दाट, दुधाळ, निश्चल धुकं. आणि त्या धुक्यातून एक गोडसर, उबदार, किंचित करपलेला वास तरंगत येत होता. कुठला हा वास? नाकाला तो आधी कळला, मनाला नंतर. हा तर ऐन हंगामातल्या गुऱ्हाळाचा वास! उसाच्या रसाची काईल चुलवाणावर रटरटू लागली की अर्ध्या शिवाराला येतो तो. आता आफ्रिकेच्या माशांच्या पेटीतून आमच्या गावच्या, बिद्रीच्या गुऱ्हाळाचा वास कसा यावा? मी वळून पाहिलं. कोपऱ्यातल्या खुर्चीत माझे वडील, अण्णा, वर्तमानपत्रातल्या सरकारी निविदांचं पान विलक्षण तन्मयतेनं वाचत होते. उभ्या आयुष्यात त्यांनी कधी निविदा वाचली नव्हती.

गुळाचा आळ त्यांच्यावर येणार, हे उघडच होतं. अण्णांना शुगर आहे. डॉक्टरांनी गोड बंद केलंय, आणि आमच्या घरात डॉक्टरांपेक्षा सुमनचा धाक मोठा. बिनसाखरेचा चहा पिताना अण्णांचा चेहरा असा होतो की बघणाऱ्यालाच गहिवरून यावं. "अण्णा, खरं सांगा, तुम्ही खाल्लासा न्हवं?" कमरेला पदर खोचून सुमन समोर उभी. अण्णांनी निविदांवरची नजर न काढता मान हलवली. ती होय होती की नाही, हे भल्याभल्या वकिलांनाही सांगता आलं नसतं.

पण त्या गुळाकडे वळण्याआधी मला तुम्हाला एक पिशवी दाखवायची आहे. आमच्या हॉलच्या दारामागं एक खिळा आहे. त्या खिळ्याला एक निळी कापडी पिशवी लटकते. तिच्यात दोन धोतरं, दोन सदरे, एक टॉवेल आणि तंबाखूची रिकामी चंची. अण्णा आमच्याकडे आले ते 'चार दिवसांसाठी'. आई गेल्यावर ते बिद्रीच्या घरात एकटेच राहत होते. गेल्या पावसाळ्यात परसात त्यांचा पाय घसरला आणि दुपारी शेजारचा माणूस वैरण मागायला येईपर्यंत ते तिथंच, चिखलात, आभाळाकडे बघत पडून राहिले. "अण्णा, हाक का मारली न्हाई?" मी विचारलं, तर म्हणाले, "कुणाला मारायची?"  मी त्यांना गाडीत घालून घेऊन आलो. आले त्या संध्याकाळी लिफ्ट बंद होती. जिने चढून धापा टाकत ते आत आले, सुमननं बिनसाखरेचा चहा दिला, मी गीझर कसा लावायचा ते दाखवलं आणि टीव्हीचा रिमोट हातात ठेवला. त्यांनी पिशवी खिळ्याला अडकवली. तेव्हापासून ती पिशवी कधी रिकामी झाली नाही! धोतर काढायचं, नेसायचं, धुऊन वाळलं की घडी करून पुन्हा पिशवीत. कपाटातला एक कप्पा सुमननं त्यांच्यासाठी मोकळा केला होता. तो मोकळाच राहिला. "परवा जातो बिद्रीला," हे वाक्य ते इतक्या नेमानं म्हणत की भिंतीवरचं घड्याळसुद्धा त्यावर वेळ लावून घेत असावं. तो परवा उगवू नये आणि ती पिशवी खिळ्यावरून उतरून कपाटात जावी, यापलीकडे त्या दिवसांत मला देवाकडे काही मागायचं नव्हतं.

मी विचार केला, जन्मभर जनावरांत वावरलेला हा माणूस. याच्या डोळ्यांना समोर हलतं-बोलतं काहीतरी हवं. आता सोसायटीच्या नियमात म्हैस बसत नव्हती. नियमात बसली असती तरी लिफ्टमध्ये बसली नसती. कुत्र्याला सुमनचा विरोध आणि मांजराला अण्णांचा. राहता राहिला मासा! माझ्या लहानपणी, बाजाराच्या दिवशी अण्णांचं बोट धरून मी कोल्हापुरात येत असे, तेव्हा एका केशकर्तनालयाच्या काचेआड हिरव्या पाण्यात एक सोनेरी मासा फिरत असे. त्याच्याकडे बघता बघता माझे केस कापून होत आणि मला कळतही नसे. ती कात्रीची किणकिण, तो तुरटीचा गारवा, ते बुडबुडे... गेलं ते सगळं! एकदा त्या माशानं मला डोळा मारला होता, असं मी वर्गात सांगितलं होतं. माशाला पापणी नसते हे गुरुजींनी फळ्यावर चित्र काढून सिद्ध केलं. पण मी माझं विधान आजतागायत मागं घेतलेलं नाही.

तर मी फिरोजच्या दुकानात गेलो. फिरोज म्हणजे मासे विकणारा माणूस नव्हे. तो मुळात बैलबाजारातला दलाल, चुकून पाण्यात पडलेला. "ये भावा! ह्यो पिवळा बघ, थेट आफ्रिकेचा. हळद लागलेला नवरदेव हाय नुसता! आन् ह्यो निळा बघ, ह्याच्यापुढं आभाळ फिकं." खरंच, काय ते रंग! विधात्यानं आफ्रिकेच्या सरोवरांत रंगपंचमी खेळून पिचकाऱ्या तिथंच विसराव्यात, असे. मी भारावून म्हणालो, "चार पिवळे, चार निळे." "पेटी केवढी?" "दोन फुटी." फिरोजचा चेहरा लगीनघरात वीज जावी तसा झाला. "दोन फुटीत? भावा, ही समदी भाऊबंदकीची जात हाय. जागा कमी पडली की एकमेकाचं कल्ल्याखालचं फाडत्यात. आठ घातलास तर एकच उरंल, आन् त्यो बी तुझ्याकडं बघून दात वासंल." भाऊबंदकी हा शब्द कोल्हापूरच्या माणसाला फोडून सांगावा लागत नाही. मी हात मागं घेतला.

मग त्यानं मला एका कोपऱ्यात नेलं आणि एक रिकामी पेटी दाखवली. तळाला वाळू, वाळूवर चारदोन शंख, बाकी शून्य. "मला गिऱ्हाईक समजतोस का खुळा? रिकामी पेटी दाखवालास व्हय?" "थांब की जरा. दम धर," तो म्हणाला. आम्ही दम धरला. आणि मग, काय सांगू तुम्हाला, एका शंखाच्या तोंडातून एक इवलंसं मुख बाहेर आलं! दुसऱ्यातून दुसरं. बोटाच्या दोन पेरांएवढा देह, अंगावर जात्यातून पडणाऱ्या पिठाच्या धारेसारख्या बारीक उभ्या रेघा, आणि डोळे? ते मात्र दहापट मोठ्या माशाचे उसने आणलेले. टांगानिका नावाच्या अथांग सरोवराच्या तळाशी गोगलगायी मरून जातात, त्यांचे रिकामे शंख उरतात, आणि त्या शंखांत हे जीव आपला संसार थाटतात. घर म्हणजे शंख. अंगण म्हणजे शंखापुढची वीतभर वाळू. त्या वीतभर वाळूच्या पलीकडं यांना जग नको असतं. मी काचेवर बोट टेकवलं मात्र, त्यातला सर्वांत चिमुकला वाघासारखा बोटावर धावून आला. मध्ये काच नसती तर आज ही ओळ मला डाव्या हातानं लिहावी लागली असती! "हेच घे," फिरोज म्हणाला. "ल्हान पेटीला ल्हान जीव. खातंय कमी, आन् आख्खा दिवस घर सारवत बसतंय."

घर घेण्यापेक्षा घर लावणं अवघड, हे फ्लॅट घेतलेल्या माणसाला माहीत असतं. मासे घेतल्यावर ते पुन्हा कळलं. यांना पायाखाली बारीक, स्वच्छ वाळू हवी, कारण हे जन्मभर वाळू उपसतात. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत मी ज्या फाउंड्रीत आहे, तिथं लोखंड ओतण्याच्या साच्यांसाठी वाळूचे डोंगर पडलेले असतात. काळी, डिंक-भुकटी मिसळलेली विषारी वाळू वेगळी. मी मागून आणली ती कोरी, साच्यात जाण्याआधीची, पोत्यातली. पाणी जड, क्षारांचं हवं. आमच्या बोअरच्या पाण्यानं बादल्यांना पांढरी पुटं चढतात, गीझर वर्षात आंधळा होतो आणि त्या पाण्याला सुमन रोज सकाळी जे काही म्हणते ते छापण्याजोगं नाही. तेच पाणी या माशांना अमृत! उभ्या पेठेत आमच्या बोअरला चांगलं म्हणणारे पहिले रहिवासी आफ्रिकेतून यावे लागले.

आणि शंख? शंख आणले ते अण्णांनी. मी फिरोजच्या दुकानातल्या महागड्या शंखांविषयी सुमनशी कुजबुजत होतो, तेवढ्यात खुर्चीतून आवाज आला: "शंख व्हय? आपल्या ओढ्याच्या काठाला टोपलीनं पडल्यात." रविवारी मी त्यांना गाडीतून बिद्रीला नेलं. त्यांनी निघताना निळी पिशवी खांद्याला लावली, आणि सबंध रस्ताभर, साखर कारखान्याची धुराडी दिसेपर्यंत, मी त्या पिशवीकडे चोरून बघत होतो. हे आता परत येणार का? घराच्या अंगणात ते क्षणभर थांबले. बंद दाराकडे पाहिलं. गोठ्यातल्या मोकळ्या दावणीकडे पाहिलं. मग ओढ्याच्या काठानं वाकून वाकून गोगलगायींचे रिकामे शंख वेचू लागले, प्रत्येक शंख कानाशी धरून, फुंकर मारून, आत कुणी भाडेकरू नाही ना याची खातरजमा करून. पिशवी रिकामी केली नाहीच. शंख बांधले टॉवेलात. संध्याकाळी ते शंख सुमनच्या पातेल्यात उकळत होते आणि सुमन त्यांच्याहून अधिक उकळत होती. "माझ्या पुरणाच्या पातेल्यात गोगलगाई! आता ह्यात पुरण शिजवू व्हय मी?" त्यावर अण्णा नुसते म्हणाले, "बिद्रीच्या हाईत. स्वच्छ हाईत."

आणि अशा रीतीनं आफ्रिकेचे मासे, बिद्रीचे शंख, कागलची वाळू आणि मंगळवार पेठेच्या पोटातलं पाणी एका दोन फुटी पेटीत नांदायला आलं. कोण कुठला, आणि कोण कुणाच्या घरात! आपण तरी काय वेगळे? ज्या घराला आपलं म्हणतो ते कुणाच्या तरी मागं उरलेलंच असतं. आपण फक्त त्याच्या दारातली वाळू आपल्या सोयीनं इकडची तिकडं करतो. सहा माशांपैकी पाच जणांनी घटकाभरात एकेक शंख बळकावला. तोंडात वाळू भरायची, लांब नेऊन थुंकायची, पुन्हा यायचं, पुन्हा भरायची. शंख हळूहळू खाली खचत गेला की नुसतं दार तेवढं वर उरतं. अण्णांनी खुर्ची ओढून पेटीपुढं आणली. टीव्हीतल्या मालिकेतली सून छळाला कंटाळून घर सोडून निघाली, तरी त्यांनी मान वळवली नाही.

पण सहावा! सहाव्याला शंख नको होता. तो काचेला तोंड लावून या टोकापासून त्या टोकापर्यंत, त्या टोकापासून या टोकापर्यंत, एकसारखा येरझाऱ्या घालत होता. त्याच्यासाठी ठेवलेला शंख रिकामा. "ह्यो पळपुट्या हाय," अण्णा म्हणाले. "ह्याचा जीव लागंना झालाय हितं." "लागंल की हळूहळू," मी म्हणालो. अण्णा नुसते पळपुट्याकडे पाहत राहिले. दुसऱ्या दिवशी दुपारी मी कामावर होतो आणि सुमन भाजी आणायला खाली गेली होती. घरात अण्णा होते आणि पळपुट्या होता.

आणि आता आपण त्या दुधाळ सकाळी परत येऊ. सुमननं कंबरेवरचे हात काढले, कारण तिचं लक्ष पेटीकडं गेलं होतं. ती जवळ आली. काचेवर, वरच्या कोपऱ्यात, कुंकवाचा टिळा. पेटीच्या मागं, भिंतीच्या फटीत, भाकरीचा वाळका तुकडा. तिनं तो उचलून उन्हात धरला. मग नाक पुढं करून पाण्याचा वास घेतला. "अण्णा," ती अगदी हळू म्हणाली, आणि सुमन हळू बोलली की घरात खरी भीती पसरते, "गूळ ह्यात टाकलासा?"

निविदांचं पान खाली आलं. "टाकला," अण्णा म्हणाले. "पळून जाईल म्हणून."

"अवं, काचेतनं कुठं पळून जाणार हाय त्यो?"

"दावणीचं जनावर तरी कुठं मोकळं असतंय? तरी पळतंय की."

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. त्या पाण्याचा वास मला हाताला धरून केव्हाच पुढं घेऊन गेला होता, आमच्या बिद्रीच्या उंबऱ्यापर्यंत. बाजारातून नवं जनावर आलं की ते थेट गोठ्यात जात नसे. आधी उंबऱ्यासमोर उभं राहायचं. आई तांब्याभर पाणी त्याच्या खुरांवर घालायची, कपाळाला हळदकुंकू लावायची, भाकरीचा तुकडा ओवाळून लांब फेकायची, आणि मग ओंजळीत गूळ घेऊन त्याच्या तोंडाशी न्यायची. त्याची खरबरीत जीभ तिच्या तळव्यावरून फिरत असताना ती त्याच्या कानात काहीतरी पुटपुटत असे. काय, ते कुणालाच ऐकू आलं नाही. पण आमच्या गोठ्यातून कधी जनावर पळालं नाही. एकच अपवाद! एकदा आई माहेरी गेली असताना अण्णांनी कागलच्या बाजारातून एक मुऱ्हा म्हैस आणली, आणि गूळबीळ काही न करता सरळ खुंट्याला बांधली. सकाळी खुंटा होता, म्हैस नव्हती. ती आपल्या जुन्या मालकाकडे पोचली होती, नदी ओलांडून! काही लोक म्हणतात ती यष्टीनं गेली आणि कंडक्टरनं तिचं अर्धं तिकीट फाडलं. मी स्वतः ते तिकीट पाहिलेलं नाही, त्यामुळं त्याविषयी छातीठोक सांगत नाही. एवढं मात्र खरं की आई परत आल्यावर म्हैस पुन्हा आणली गेली, उंबऱ्यासमोर उभी राहिली, तिला पाणी-तुकडा-गूळ सगळं झालं, आणि मग ती त्याच खुंट्याला म्हातारी होऊन, समाधानानं रवंथ करत गेली. अण्णांच्या मनात त्या दिवशी जे कोरलं गेलं ते आज, तिसऱ्या मजल्यावर, लिंबाएवढ्या खड्याच्या रूपानं पाण्यात पडलं होतं.

पण पाण्याला कुठं माहीत आमच्या उंबऱ्याची रीत? गूळ विरघळला की पाण्यातले सूक्ष्म जीव त्यावर जत्रेसारखे तुटून पडतात, वाढतात, पाणी पांढरं करतात, आणि त्या जत्रेत श्वासच उरत नाही. मी काचेला डोळा लावला. धुक्यात आधी काही दिसेना. मग दिसलं. सहाच्या सहा मासे पाण्याच्या पृष्ठभागाशी उभे होते, तोंडं वर करून, उघडझाप करत. शंख सोडून! ज्यांचं सगळं जग वीतभर वाळूचं, ते घर टाकून वर आले होते. उघड्यावर, परक्या उजेडात, श्वासासाठी. माणसानं घर सोडावं असं कारण तरी दुसरं कोणतं असतं?

"अवं, बघत काय ऱ्हायलासा? बादल्या आणा!" सुमन गरजली, आणि त्यानंतरची सकाळ म्हणजे रणांगण होतं. मी कामावर फोन करून सांगितलं की घरी आजारपण आहे. कुणाचं, ते विचारलं नाही, हे त्यांचं सौजन्य. नळीनं पाणी उपसायचं, बोअरचं ताजं भरायचं, हवेचा पंप पुऱ्या जोरानं लावायचा. पेटीच्या कोपऱ्यात अर्धा विरघळलेला, मधासारखा तांबूस गुळाचा खडा वाळूत रुतला होता. सुमननं तो भाताच्या डावानं वाळूसकट खरवडून काढला आणि तो डाव कायमचा सेवानिवृत्त झाला. बाथरूमपासून हॉलपर्यंत आमची ये-जा अशी चालली होती की पंचगंगेला उन्हाळ्यात एवढं पाणी नसेल. अण्णांनी बादली उचलायचा प्रयत्न केला. "तुम्ही बसा अण्णा," मी म्हणालो, आणि ते बसले. हात मांडीवर. माझ्या स्वरात राग नव्हता, पण बसणाऱ्याला स्वर कुठं नीट ऐकू येतो?

उन्हं उतरली तसं पाणी दुधाचं ताक झालं, ताकाची निवळ झाली. एकेक मासा खाली जाऊ लागला. पहिला. मग दोघं एकदम. पळपुट्या मात्र वरच, एकटा. तेव्हा अण्णा बोलले. आमच्याशी नव्हे, काचेशी. "ह्यो कारभार तिचा व्हता. तिच्या हातचं जनावर कधी गेलं न्हाई. कानात काय म्हणायची, मी कधी इचारलं न्हाई. मला नुसता गूळ म्हाईत." थोडं थांबून म्हणाले, "दिलप्या, सकाळच्या गारगोटी गाडीनं जातो मी बिद्रीला. हितं माझा हात लागला की बिघडतंय." सुमन ओल्या फडक्यानं फरशी पुसत होती. तिचं फडकं थांबलं. मी पाण्याची नळी गुंडाळू लागलो. 

दुसरी सकाळ. तेच कोवळं ऊन, तीच पेटी. पाणी असं निवळलं होतं की काचेत पाणी आहे की नुसता उजेड भरून ठेवलाय, हे कळू नये! अण्णांनी आंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसलं, दुसरं घडी करून पिशवीत घातलं. खिळ्यावरून पिशवी उतरली. ज्या खिळ्यावरून ती उतरावी म्हणून मी देवाकडे मागणं मागत होतो, त्या खिळ्यावरून अशी उतरली! चपला घालून दाराकडे जाता जाता ते पेटीपाशी थांबले. मीही गेलो. पाच शंखांतून पाच तोंडं. आणि सहाव्या शंखाभोवती वाळूचा छोटासा ढीग. शंख खाली खचलेला, नुसतं दार तेवढं वर, आणि दारात पळपुट्या. मी काचेवर बोट टेकवलं. तो असा धावून आला की मी दोन पावलं मागं झालो, आणि अण्णांच्या मिशीच्या टोकाला काहीतरी हललं. "रुळलं," ते म्हणाले. "आता ऱ्हातंय." आणि दाराची कडी काढली.

"अण्णा!" स्वयंपाकघरातून तोच आवाज, तीच तावदानं. "उंबऱ्याभाईर व्हा जरा. आन् थितंच थांबा." अण्णा गोंधळले, पण त्या आवाजापुढं मुऱ्हा म्हैसही थांबली असती. ते जिन्यापाशी उभे राहिले, पिशवी खांद्याला. सुमन आली. एका हातात तांब्या, दुसऱ्या हातात ताट. मला काही कळायच्या आत तिनं वाकून त्यांच्या पायांवर पाणी घातलं, चपलांसकट. कपाळाला हळदकुंकू लावलं. भाकरीचा तुकडा त्यांच्यावरून ओवाळला आणि जिन्याच्या खिडकीतून असा फेकला की खाली सेक्रेटरींच्या गाडीवर तो पडल्याचा आवाज मी स्पष्ट ऐकला. मग तिनं ओंजळ पुढं केली. ओंजळीत गूळ होता. बिद्रीकडचा, तांबूस, ताजा फोडलेला. आणि त्याचा वास जिन्यात, उन्हात, पेटीवर, सगळीकडे पसरला. ती अण्णांच्या कानाशी वाकली आणि काहीतरी पुटपुटली. काय, ते मला ऐकू आलं नाही. मी आजवर विचारलेलं नाही.

अण्णांनी सुनेकडं पाहिलं. उघड्या दारातून पेटीकडं पाहिलं. मग ओंजळीतला खडा उचलून तोंडात टाकला आणि ओल्या पायांनी आत आले. सुमननं त्यांच्या खांद्यावरची पिशवी काढून घेतली, कपाटाशी नेली, आणि धोतरं मोकळ्या कप्प्यात ठेवू लागली. गालात गूळ तसाच धरून अण्णा पेटीपुढच्या खुर्चीत बसले आणि म्हणाले, "मला शुगर हाय."